एकट्याची राहुटी

तंबूला आपल्याकडे नावांची वाण नाही. डेरा, शामियाना, राहुटी, पाल अशी कितीतरी नावे बोलण्यात आहेत. अकबराच्या फराशखान्याचे वर्णन करताना ‘आईन-ए-अकबरी’नेही ‘रावटी’चा एक प्रकार नोंदवून ठेवला आहे. परंतु एकट्या माणसाने पाठीवर टाकून न्यावा अशा तंबूला या यादीत स्थान नाही. कारण उघड आहे. तंबूत राहणारा आणि तंबू वाहणारा हे दोन निराळे इसम असत. इंग्रजी अमदानीत लहान तंबू त्यांच्या वजनावरून ओळखले जात. चाळीस रत्तली तंबू हा त्यांतला हलका गणला जाई; म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १८ किलो! जंगलात शिकारीस निघालेल्या साहेबाला तो हलका वाटे, हमालाला काय वाटत असेल ते हमालच जाणे.

शिकारीचे दिवस आपल्याकडे आता सरले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तिच्यावर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तिला जवळजवळ पूर्णविराम मिळाला; ते योग्यच झाले. मात्र बंदूक गेली तरी रानात एकट्याने मुक्काम करण्याची ओढ गेलेली नाही. पक्षी पाहणारा, छायाचित्रे काढणारा, वनस्पतींचे नमुने टिपणारा विद्यार्थी, नदीकाठी परवाना घेऊन गळ टाकून बसणारा मासेमारीचा छांदिष्ट, ही सारी मंडळी त्याच शिकाऱ्याची सौम्य भावंडे आहेत. त्यांना एके ठिकाणी दोन-तीन दिवस राहावयाचे असते, पावसात तासन्‌तास आत बसून काढावयाचे असतात आणि ओझे स्वतःच्याच खांद्यावर असते. अशा माणसाने उभ्या कनातींचा तंबू घ्यावा काय, आणि घेतला तर कोणता, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम शब्दांची फोड करू. पाल म्हणजे नुसते छप्पर: दोन पाखे आढ्यापासून निघून थेट जमिनीला टेकतात. पाख्यांखाली हातभर उंचीच्या का होईना, उभ्या कनाती लावल्या की त्याची राहुटी होते. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वतात हरणांच्या शिकारीस जाणारे लोक आजही अशाच उभ्या कनातींच्या कॅनव्हासच्या तंबूत हिवाळ्याच्या तोंडाशी मुक्काम ठोकतात. आत लाकडाची शेगडी, छपरातून बाहेर काढलेले धुराडे, चार-सहा खाटा असा त्यांचा थाट असतो. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यासह त्या प्रपंचाचे वजन ५० किलोंच्याही वर जाते आणि ते वाहावयास घोडे वा मोटार लागते. एकट्या पायी माणसाने त्यांच्याकडून घ्यावयाची ती फक्त एकच गोष्ट, उभी कनात. बाकीचा थाट तिकडेच राहू द्यावा.

कनातीने काय मिळते? साध्या पालात जमिनीची रुंदी १.८ मीटर आणि आढे ०.९ मीटर उंच असले, तर दोन्ही कडांच्या ४५ सेंटिमीटरच्या पट्ट्यांत छपराची उंची ४५ सेंटिमीटरपेक्षाही कमी असते. तेथे पिशवी मावते, माणूस मावत नाही. ताठ बसावयाचे तर ऐन मधोमध, आणि जरा कूस बदलली की ओल्या कापडाला खांदा लागलाच म्हणून समजावे. आता हेच छप्पर ७५ सेंटिमीटरच्या कनातींवर उचलून धरा. कनातीपासून वीतभर आत आले की डोक्यावर ९५ सेंटिमीटर उंची मिळते आणि मांडी घालून बसणाऱ्या बहुतेक माणसांना तेवढी पुरते. म्हणजे जमीन तीच, परंतु तिच्या कडेपर्यंत राबता येऊ लागते. एका कनातीशी बिछाना, दुसरीशी ओले सामान आणि मधे चालावयास वाट, असा छोटा का होईना संसार मांडता येतो.

आता या सुखाची किंमत मोजू. समजा राहुटी २.४ मीटर लांब व १.८ मीटर रुंद आहे, कनात ७५ सेंटिमीटर आणि आढे १.६५ मीटर उंच आहे. दोन पाख्यांना मिळून सुमारे ६.१ चौरस मीटर कापड लागते, बाजूच्या दोन कनातींना ३.६ आणि पुढच्या-मागच्या तोंडांना ४.३, एकूण १४ चौरस मीटर. तेच पाल असते तर ७.७ चौरस मीटरांत भागले असते. म्हणजे कनातीपायी ६.३ चौरस मीटर कापड अधिक. पूर्वीचा जाड कॅनव्हास चौरस मीटरला ३४० ग्रॅमच्या आसपास भरतो; त्या कापडाची कनात म्हणजे पाठीवर दोन किलोंची भर, आणि भिजल्यावर त्याहूनही जास्त. आपल्या पायी फिरणाऱ्या वाडवडिलांनी पालावर समाधान मानले ते उगीच नव्हे. परंतु सिलिकॉनचा लेप दिलेले आजचे पातळ नायलॉन चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या घरात असते. त्याची तेवढीच कनात तीनशे ग्रॅमहून कमी भरते. कापडाच्या हिशेबात कनात आज जवळजवळ फुकट मिळू लागली आहे.

मग सगळ्यांनी राहुट्याच घ्याव्यात, असे कोणी म्हणेल. येथेच खरी मेख आहे, आणि ती शब्दशः मेख आहे. पालाचे पाखे स्वतःच्याच कडेला मेखांनी जमिनीशी जखडलेले असतात. कनात मात्र स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. पाख्याची वळचण बाहेरच्या बाजूस तणाव्याने ओढून धरली तरच ती सरळ राहते, आणि तणावा नीट धरावयाचा तर वळचण जेवढी उंच तेवढ्याच अंतरावर त्याची मेख हवी. ७५ सेंटिमीटरच्या कनातीसाठी दोन्ही बाजूंस पाऊण-पाऊण मीटर, आणि आढ्याच्या दोन टोकांच्या तणाव्यांसाठी पुढेमागे दीड मीटरहून अधिक जागा सोडावी लागते. २.४ गुणिले १.८ मीटरची राहुटी अशा रीतीने ५.७ गुणिले ३.३ मीटर सपाटी मागू लागते. गंगेच्या वाळवंटात किंवा विदर्भातल्या माळावर ही मागणी काहीच नव्हे. परंतु सह्याद्रीच्या सोंडेवर किंवा गढवालमधल्या एखाद्या पायरीवजा शेताच्या कडेला तेवढी जागा शोधता शोधता अंधार पडतो.

दुसरी किंमत वाऱ्याची. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. आपल्या राहुटीच्या आडव्या अंगावर ताशी ४० किलोमीटरचा वारा आदळला तर तिच्यावर ढोबळमानाने ३० किलोंचा भार येतो. ८० किलोमीटरचा आला तर १२० किलोंचा. हा सारा भार त्या तणाव्यांनी आणि मेखांनी सोसावयाचा असतो. म्हणून कनात जितकी उंच तितका तंबू सुखाचा, हे गृहस्थी तंबूचे गणित एकट्याने मान्य करू नये. माझ्या मते एकट्यासाठी ६० ते ७५ सेंटिमीटर ही कनातीची योग्य उंची होय. ४५ सेंटिमीटरच्या खाली गेले की बसण्याचे सुख निम्मे होते. ९० च्या वर गेले की सुखात फारशी भर न पडता वाऱ्याला मात्र आयते शीड मिळते. आत ताठ उभे राहता यावे हा हट्टही सोडावा. विजार गुडघ्यांवर बसून चढवता येते.

एकट्याच्या राहुटीची परीक्षा उंचीत नाही, वजनातही नाही. ती दोन हातांत आहे. दोन खांबांचा कोणताही तंबू उभारताना एक जण एक खांब धरतो, दुसरा दुसरा धरतो आणि तिसरा मेखा ठोकतो, अशी बहुतेकांची कल्पना असते. एकट्याला ही तिन्ही कामे करावयाची असतात, आणि बहुधा पाऊस सुरू झाल्यावर. त्यासाठी क्रम नेमका हवा. तंबूचे एक तोंड वाऱ्याकडे करून कापड जमिनीवर पसरावे आणि दारे बंद ठेवून चारही कोपरे मेखांनी जखडावेत. वाऱ्याकडच्या टोकाचा आढ्याचा तणावा आधीच ठोकून ठेवावा. मग तो खांब आत घालून उभा करावा. वाराच कापड मागे रेटतो आणि समोरचा तणावा ताठ होतो. दुसऱ्या टोकाचा खांब उभारून त्याचा तणावा ओढला की आढे सरळ होते, आणि वळचणीचे तणावे मागाहून सावकाश लावता येतात. हे होण्यासाठी तणाव्यांच्या लांबीवर आधीच खुणा केलेल्या असाव्यात व कोपऱ्यांत मेख अडकवण्याच्या कड्या असाव्यात. ज्या राहुटीत आढ्यासाठी आडवी नळी घालावी लागते, ती एकट्याने वाऱ्यात उभारणे कष्टाचे असते. आढ्याशी नुसता मजबूत पट्टा शिवलेला असेल तर बरे.

कापडाविषयी मतभेद पुष्कळ आहेत. वर सांगितलेल्या मापाच्या राहुटीला, शिवणी व मुडपलेल्या कडा धरून, जाड कॅनव्हास ५.२ किलो, चौरस मीटरला २०० ग्रॅमचे हलके सुती कापड ३.१ किलो, लेप दिलेले साधारण पॉलिएस्टर १.२ किलो आणि सिलिकॉनचे नायलॉन ७०० ग्रॅम भरते. सुती कापडाचे गुण मोठे आहेत. ते श्वास घेते, आणि भिजल्यावर त्याचे धागे फुगून वीण अधिक घट्ट होते. परंतु तेच कापड ओले घडी करून ठेवले की काही दिवसांतच बुरशीचे काळे ठिपके उमटतात, आणि कोकणात किंवा आसामात ते वाळवावयास ऊन मिळेल तेव्हा खरे. नायलॉन सर्वांत हलके. मात्र ते भिजले की सैल पडते. सायंकाळी तारेसारखे ताणलेले छप्पर मध्यरात्री पोटाशी लोंबू लागते व एकट्या माणसाला उठून पावसात तणावे ओढावे लागतात. पॉलिएस्टर भिजून फारसे ताणले जात नाही आणि उन्हातही नायलॉनपेक्षा अधिक टिकते. पाचशे ग्रॅम अधिक वाहून रात्रीची झोप मिळत असेल तर मी पॉलिएस्टरच्या बाजूने कौल देईन. विशेषतः जेथे पाऊस वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरची मजल ओलांडतो त्या महाबळेश्वरसारख्या प्रदेशात जाणाऱ्याने.

लेपाचीही चौकशी करावी. पॉलियुरेथेनचा लेप स्वस्त असतो, पण दमट उष्णतेत तो हळूहळू विघटित होतो. माळ्यावर ओलसर ठेवलेला तंबू काही वर्षांनी काढला तर आतून चिकट लागतो आणि त्याला आंबूस वास येतो. मग त्यावर उपाय नसतो. सिलिकॉनचा लेप या विकारापासून मुक्त असतो. कापडाची पाणी अडवण्याची ताकद मिलिमीटरांत सांगतात. एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते पेलते असा त्याचा अर्थ. छपराला १५०० मिलिमीटर व जमिनीच्या कापडाला त्याच्या दुप्पट असले म्हणजे पुरे. याहून मोठे आकडे जाहिरातीची शोभा वाढवतात. गळती बहुधा कापडातून नव्हे, शिवणीतून होते.

ज्यांच्या घरी शिवणयंत्र आहे त्यांनी राहुटी घरीच शिवण्याचा विचार अवश्य करावा. वरील मापात पाख्याची तिरपी लांबी १.२७ मीटर येते; वळचणीला दहा सेंटिमीटर पुढे काढले तरी ती दीड मीटर पन्ह्यात बसते, म्हणजे एका पाख्याला आडवी शिवण पडत नाही. ही वळचण विसरू नये. छपराचे पाणी कनातीवरून न ओघळता बाहेर पडावे यासाठीच ती असते. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, कडा एकमेकींत मुडपून दुहेरी शिवण घालावी आणि तणावे बांधावयाच्या जागी आतून चौकोनी ठिगळ लावावे.

बाहेरून पाऊस न येताही सकाळी आतले छप्पर ओले आढळते, तेव्हा तंबू गळतो असा गैरसमज होतो. माणूस रात्रभरात श्वासावाटे व त्वचेवाटे पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. ते थंड कापडावर जमते. पातळ कापड त्याला बाहेर जाऊ देत नाही. दोन्ही तोंडांच्या माथ्याशी जाळीची झडप असावी आणि कनातीच्या तळाशी चार बोटे फट सोडता यावी. एवढे असले की खालून थंड हवा शिरते आणि वरून दमट हवा निघते. उभ्या कनातीचा येथेही उपयोग होतो. जमलेले पाणी बिछान्यावर न टपकता कनातीवरून खाली उतरते.

परंतु तळाशी फट म्हटली की आपल्या देशात दुसराच प्रश्न उभा राहतो, आणि तो ओलसर बिछान्याहून फार गंभीर आहे. अमेरिकी शिकाऱ्याचा तंबू बहुधा तळ नसलेला असतो. बर्फाळ थंडीत त्याला सरपटणाऱ्या जिवांची चिंता नसते. आपल्याकडे मण्यार रात्रीच हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा इतका वेदनारहित असतो की झोपलेल्याला जागही येत नाही. एकट्या माणसाच्या बाबतीत त्याची अवस्था पाहावयास शेजारी कोणी नसते. म्हणून तळाच्या कापडाला सर्व बाजूंनी शिवलेली मच्छरदाणी आतून टांगल्यावाचून राहुटीत झोपू नये. तिचे वजन अर्ध्या किलोपर्यंत येईल. ओझे हलके करण्याच्या नादात पुष्कळ जण नेमके हेच घरी ठेवतात! मच्छरदाणीने डास, विंचू आणि पावसाळ्यातल्या जळवा हेही दूर राहतात. तिची चेन मात्र आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी बंद केली पाहिजे.

शेगडीचा प्रश्न याच जातीचा. काश्मीर-लडाखकडे राहिलेल्या कुटुंबांना बुखारी परिचयाची आहे. तिला धुराडे असते आणि ते घराबाहेर काढलेले असते. तंबूत कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून दारे लावून घेणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या वायूला आमंत्रण देणे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि गुंगी आलेल्या माणसाला ती झोपेचीच वाटते. उत्तर हिंदुस्थानात बंद खोलीत पेटती अंगीठी ठेवून झोपल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. तंबूची खोली तर त्याहून लहान. शिवाय नायलॉनचे कापड ज्वाळेजवळ वितळून थेंबाथेंबाने अंगावर पडते. धुराड्याची सोय असलेली राहुटी दुकानांत मिळते, पण एकट्याने तिच्या फंदात पडू नये. जळणासाठी रानातले लाकूड तोडणे पुष्कळ ठिकाणी गुन्हा आहे, आणि लोकरीची एक जादा बंडी शेगडीपेक्षा हलकी पडते. स्वयंपाक बाहेर, आडोशाला करावा.

खांब आणि मेखा यांचा हिशेब थोडक्यात. २५ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचा एक खांब साडेतीनशे ग्रॅमच्या आत बसतो. हातात काठ्या घेऊन चालणाऱ्यांना उंची जुळत असल्यास त्यांचाच उपयोग करता येतो. अशा राहुटीला १४ मेखा लागतात. लोखंडी गजाची वीतभराहून थोडी लांब मेख शंभर ग्रॅमची असते, म्हणजे चौदांचे १.४ किलो, नायलॉनच्या साऱ्या कापडाच्या दुप्पट! हलक्या मिश्रधातूच्या मेखा दोनशे ग्रॅममध्ये होतात. मुरमाड किंवा वालुकामय जमिनीत त्यांची पकड कमी पडते, तेव्हा मोठ्या दगडाला तणावा बांधावा. सर्व मिळून हलकी राहुटी मच्छरदाणीसह पावणेतीन किलोंच्या आसपास उतरते.

ही राहुटी कोठे नेऊ नये तेही सांगितले पाहिजे. वृक्षरेषेच्या वर, हिमालयातल्या उघड्या खिंडीत वा बर्फवृष्टीत तिचे काम नाही. तेथे ठेंगणा घुमटाकार तंबूच हवा. अभयारण्यात शिरावयास वनखात्याची परवानगी लागते आणि रात्रीचा मुक्काम तर ठरवून दिलेल्या जागीच करता येतो. अनेक संरक्षित किल्ल्यांवर आणि स्मारकांपाशी सूर्यास्तानंतर थांबण्यास मनाई असते. निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि आपण कोणत्या दिवशी कोठे असू ते घरी लिहून ठेवावे.

खरेदीच्या वेळी दुकानदार वजन सांगतो ते पुष्कळदा नुसत्या कापडाचे असते. खांब, मेखा, दोऱ्या, तळ, मच्छरदाणी आणि पिशवी हे सारे एकदम काट्यावर ठेवावयास लावावे. नंतर तंबू उभारून दाखवण्यास सांगावे. दुकानदाराने त्यासाठी दोन नोकरांना हाक मारली तर त्यांना तेथेच थांबवून राहुटी आपण स्वतः, कोणाची मदत न घेता, उभारून पाहावी.